यादीबाहेरची माणसे

माझी सारी नोकरी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. मी डॉक्टर नव्हे. आजारांची आणि औषधांची जी काही नावे मला येतात, ती पुस्तकांच्या पाठी वाचून वाचून आलेली. पण ग्रंथपालाला एक गोष्ट कळते, जी भल्याभल्या डॉक्टरांना कळत नाही : कोण काय वाचतो, कोण काय लिहितो, आणि कोण वाचल्याशिवायच लिहितो. नेमणुकीचा किंवा बढतीचा हंगाम आला की प्राध्यापक मंडळी जिना उतरून आमच्याकडे येत आणि म्हणत, 'अहो, माझी यादी जरा नीट लावून द्या बघू.' यादी म्हणजे प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची यादी. मग 'इंडेक्स मेडिकस'चे जाडजूड खंड खाली काढायचे, आडनावावरून शोधत जायचे, पत्रिकेचे नाव, वर्ष, खंड, पाने टिपून घ्यायची. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने 'पबमेड' सर्वांना फुकट खुले केले, २००४ मध्ये छापील 'इंडेक्स मेडिकस' बंदच झाले, आणि दोन दिवसांचे काम दोन मिनिटांवर आले. काम सोपे झाले आणि याद्या लांबल्या. या दोन गोष्टींचा संबंध असावा असे मला वाटते. पण तो वेगळा विषय.

अशीच एक यादी एकदा माझ्या हाती आली. रक्तदाबाची आनुवंशिकता आणि रक्तदाबावरची औषधे या विषयांत तीसेक वर्षे घालवलेल्या एका संशोधकाची. नाव सांगत नाही; सांगण्याचे कारणही नाही. परगावच्या एका निवड समितीवर असलेल्या आमच्याकडच्या प्राध्यापकांनी ती तपासायला दिली होती आणि त्यांचा प्रश्न एवढाच होता : 'एकूण किती, आणि पहिले नाव किती ठिकाणी?' मी आकडे काढून दिले. पण ती यादी मात्र मी घरी नेऊन कादंबरी वाचावी तशी वाचली. सुरुवातीचे निबंध दोघा-तिघांच्या नावांचे, विषय उंदरांचा. क्योतोमध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ साली रक्तदाब आपोआप वाढणाऱ्या उंदरांची एक जात वाढवून सिद्ध केली होती. ती जात पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत गेली आणि हजारो निबंधांना पुरली. हा आमचा संशोधकही त्याच उंदरांच्या पिंजऱ्याशी बसलेला. मग दहा वर्षे औषधे. मग नव्वदच्या दशकात एकाएकी जनुके, आणि निबंधांची झोड. शेवटी शेवटी असे निबंध, ज्यांच्या लेखकांची नावेच दोन पाने भरून; त्या गर्दीत आपल्या माणसाचे नाव शोधायला बोट लावून वाचावे लागे. हे सारे वाचून झाल्यावर मला प्रश्न पडला, तोच या लेखाचा विषय. या यादीवरून त्या माणसाची पारख करता येते का? आणि यादीत ज्या ज्या गोष्टी 'त्याच्या' म्हणून मांडल्या आहेत, त्या कितपत त्याच्या?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आपल्याकडे तयार असतात. एक समितीचे : यादी म्हणजेच माणूस. दुसरे चहाच्या टपरीवरचे : याद्या सगळ्या थोतांड, खरा विद्वान लिहीत नसतो. मला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. का, ते सांगायला रक्तदाबाच्याच गोष्टीकडे वळावे लागेल.

रक्तदाब हा मुळात एक आकडा आहे. तो दुखत नाही, खुपत नाही. दंडाला पट्टा बांधल्याशिवाय तो आहे हे कळतही नाही. आता १४० च्या वर गेला म्हणजे रोग आणि १३८ असला म्हणजे निरोगी, असे असते का? यावरून विलायतेत दोन मोठ्या वैद्यांचे वर्षानुवर्षे भांडण चालले. मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट म्हणत, उच्च रक्तदाबवाल्यांची जातच वेगळी. एखादे जनुक घराण्यातून उतरते आणि माणूस इकडचा किंवा तिकडचा होतो. जॉर्ज पिकरिंग म्हणत, छे! उंचीसारखाच रक्तदाब. कमी, मध्यम, जास्त अशी सलग रांग लागलेली असते; त्यात रेघ ओढतो तो आपण, निसर्ग नव्हे. पुष्कळशा जनुकांचा आणि पुष्कळशा परिस्थितीचा थोडा थोडा हात लागून माणसाचा आकडा ठरतो. १९५० च्या दशकापासून हा वाद 'लॅन्सेट'च्या पानांवर रंगला, आणि दोघेही सुसंस्कृत असल्यामुळे त्यातले टोमणेही वाचनीय झाले.

निकाल लागायला अर्धे शतक जावे लागले. २००७ साली ब्रिटनमधल्या मोठ्या प्रकल्पात सात रोगांच्या प्रत्येकी दोन हजार रुग्णांची जनुके तपासली. इतर रोगांत काही ना काही सापडले, रक्तदाबाच्या पदरात मात्र ठामपणे सांगावे असे काहीच पडले नाही. २०११ मध्ये दोन लाख माणसे तपासल्यावर एकोणतीस जागा सापडल्या. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक माणसे तपासली, तेव्हा जुन्या-नव्या धरून नऊशेहून जास्त. आणि त्यांतल्या बहुतेक एकेका जागेचा परिणाम पाऱ्याच्या एका मिलिमीटरहूनही कमी! म्हणजे सर्वसाधारण माणसापुरते पिकरिंग खरे ठरले. प्लॅट मात्र सपशेल हरले असेही नाही. रिचर्ड लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ पासून अशी काही कुटुंबे शोधून काढली की ज्यांच्यात खरोखर एकाच जनुकाच्या बिघाडाने रक्तदाब चढतो. आणि असे बिघाड बहुतेक सगळे मूत्रपिंडाने मीठ राखावे की टाकावे या एकाच व्यवहाराशी येऊन थांबतात. मोजकी घराणी प्लॅटची, उरलेली सारी दुनिया पिकरिंगची.

हे वाचताना मला सारखे वाटत होते, की श्रेयाचेही असेच आहे. आपली समजूत प्लॅटसारखी असते. संशोधक दोन जातींचे, एक थोर आणि एक किरकोळ. शोध एकाचा असतो, त्याचे नाव द्यावे, पुतळा उभारावा. प्रत्यक्षात शोध नऊशे ठिकाणांहून थोडा थोडा येतो आणि कोणत्याही एकाचा वाटा मिलिमीटरभरही नसतो. क्वचित एखादा लिफ्टनच्या घराण्यासारखा निघतो, नाही असे नाही. पण त्याच्यावरून बाकीच्यांचा हिशेब मांडता येत नाही.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या सह्याद्रीच्या उताराला अपरिचित नाही. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या पोर्तुगीज ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या वैद्याने 'सापाचे लाकूड' म्हणून ज्या मुळ्यांची हकीगत दिली आहे, त्यांतली एक सर्पगंधाच असे अभ्यासक मानतात. तो ग्रंथ संवादरूप आहे, आणि त्या संवादांत अंतोनिया नावाची एक दासी येते. मालकाला पाला, फळे, मुळ्या आणून दाखवते ती तीच. ऑर्ता जगप्रसिद्ध झाला. (मरणानंतर बारा वर्षांनी इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली, हीही प्रसिद्धीच म्हणायची!) अंतोनियाचे नाव निदान ग्रंथात उरले, तिला ती मुळी कोणती, हे सांगणाऱ्याचे तेवढेही नाही. वनस्पतीचे शास्त्रीय नाव पडले ते 'राउवोल्फिया'. राउवोल्फ हा सोळाव्या शतकातला जर्मन वैद्य पूर्वेकडे प्रवास करून गेला खरा, पण हिंदुस्थानात तो कधी आलाच नाही. प्ल्युमिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ साली एका झाडांच्या कुळाला त्याचे नाव देऊन टाकले, आणि आपली सर्पगंधा पुढे त्या कुळात जाऊन बसली. श्रेय वाटण्याची जगाची पद्धत ही अशी आहे!

पुढची कथा विसाव्या शतकातली. १९३१ साली दिल्लीला सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून शुद्ध द्रव्ये वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' म्हटले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका भारतीय पत्रिकेत लिहिले, की ही मुळी वेडावर आणि चढलेल्या रक्तदाबावर गुणकारी आहे. जगाने ऐकले नाही. ती पत्रिका जगाच्या ग्रंथालयांत जातच नव्हती. मग १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरचा आपला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. सहा पानांचा निबंध. तो बोस्टनला रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला आणि मुळी अमेरिकेत गेली; १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी तिच्यातून रेसरपिन काढले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आता सांगा, शोध कोणाचा? वकिलांचा म्हणावा तर सेन-बोस यांनी अठरा वर्षे आधी तेच छापले होते. सेन-बोस यांचा म्हणावा तर त्यांच्याही आधी पिढ्यान् पिढ्या वैद्य-वैदू ती मुळी देतच होते.

इथे आपल्याकडच्या वाचकाच्या ओठांवर जे वाक्य येते ते मला ठाऊक आहे : 'आमच्या पूर्वजांना हे सगळे आधीच माहीत होते.' मला हे वाक्य पुरे वाटत नाही. पूर्वजांना ठाऊक होते ते असे, की मुळीने माणूस शांत होतो, झोपतो. दंडाला पट्टा बांधून आकडा घेण्याची सोयच नव्हती तर रक्तदाब ठाऊक असणार कसा? आणि त्याहून मोठा प्रश्न : आकडा उतरवल्याने माणूस वाचतो का? हे तर १९५० साली लंडन-बोस्टनच्या पंडितांनाही ठाऊक नव्हते. कित्येक नामांकित डॉक्टर म्हणत, आतल्या आकसलेल्या नळ्यांतून रक्त ढकलायला तेवढा दाब हवाच. तो उतरवला तर उलट घात होईल. 'इसेन्शियल हायपरटेन्शन' या नावातच ती समजूत बसलेली आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला गेले तेव्हा त्यांचा दाब ३०० च्या वर होता, आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला देण्यासारखे औषध डॉक्टरांजवळ जवळजवळ काहीच नव्हते.

प्रश्नाचा निकाल लागला १९६७ साली. अमेरिकेतले एडवर्ड फ्रीस आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयांतले त्यांचे सहकारी यांनी १४३ पुरुष घेतले. खालचा दाब ११५ ते १२९. निम्म्यांना खरी औषधे, निम्म्यांना हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या गोळ्या. खोट्या गोळ्यांच्या बाजूला सत्तावीस गंभीर घटना घडल्या; औषधाच्या बाजूला दोन. सत्तावीस आणि दोन! रक्तदाबाच्या साऱ्या वाङ्मयात यापेक्षा बोलके आकडे मी पाहिलेले नाहीत. आणि त्या औषधाच्या गोळ्यांत तीन द्रव्ये होती, त्यांतले एक रेसरपिन. म्हणजे अंतोनियाच्या टोपलीतली मुळी चारशे वर्षांनी तिथे पोचली होती. पण ती पोचली ती कोणीतरी लिहिले, छापले, दुसऱ्याने वाचून पडताळले आणि तिसऱ्याने खोट्या गोळीशी तुलना करून मोजले म्हणून. 'खरा विद्वान लिहीत नसतो' हे मला म्हणूनच पटत नाही. जे कळले ते मांडून ठेवणे, इतरांना खोडता येईल अशा रीतीने मांडून ठेवणे, हा संशोधकाचा पहिला धर्म आहे. न लिहिणे ही नम्रता नव्हे. कित्येकदा ती तिजोरीला लावलेली कडी असते.

मग यादीवर भरवसा ठेवावा? इथेच पाय घसरतो. रक्तदाबाच्या औषधांनीच याचा धडा दिला आहे. आकडा उतरला म्हणजे रुग्णाचे भले झाले, असे गृहीत धरण्याची सवय पुढे लागली, कारण आकडा मोजायला सोपा आणि भले व्हायला वर्षे लागतात. अमेरिकेत 'ऑलहॅट' नावाची प्रचंड चाचणी झाली; तीत डॉक्साझोसिन नावाचे औषध घेणाऱ्यांचा दाब उतरत होता, कागदावर सारे ठीक; पण जुन्या, कवडीमोल क्लोरथॅलिडोनच्या तुलनेत त्यांच्यात हृदय थकून निकामी होण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. २००० साली तेवढा भाग मुदतीआधी थांबवावा लागला. २००२ मध्ये तेहेतीस हजारांहून जास्त रुग्णांचा उरलेला हिशेब लागला, तेव्हा ती लघवी वाढवणारी स्वस्त गोळी महागड्या नव्या गोळ्यांच्या मागे पडलेली नव्हती. आकडा हा भल्याचा मुखत्यार असतो. मुखत्यार प्रामाणिक आहे की नाही, हे मालकाने अधूनमधून तपासावे लागते.

शोधनिबंधांची संख्या हीसुद्धा अशीच मुखत्यार. माणसाने ज्ञानात भर घातली काय, हे मोजता येत नाही, म्हणून निबंध मोजायचे. निबंध मोजून समाधान होईना, म्हणून ते किती जणांनी उद्धृत केले ते मोजायचे. यूजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात त्याची सूचीच काढली. तेही पुरेना, तेव्हा २००५ साली हर्श नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने दोन्हींची गोळी करून एकच आकडा काढायची युक्ती सांगितली आणि समित्यांना आनंदीआनंद झाला. आपल्याकडे वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीला निबंध सक्तीचे झाले, आणि मग मी जे पाहिले ते काय सांगावे! एका भाकरीचे चार चतकोर करून चार पत्रिकांना वाढायचे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिका पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. एका महाविद्यालयात तर विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक निबंधावर विभागप्रमुखांचे नाव असे, मग त्यांनी तो वाचलेला असो वा नसो. लग्नपत्रिकेत घरातल्या वडीलधाऱ्यांची नावे घालतात तसे. एका तरुण अधिव्याख्यात्याने मला विचारले, 'सर, नाव घातले नाही तर चालेल का हो?' मी म्हटले, 'नियम विचारशील तर चालेल.' व्हँकुव्हरला १९७८ साली जमलेल्या संपादकांच्या गटाने पुढे लेखक कोणाला म्हणावे याचे नियम केलेले होते, ते मी त्याला काढून दाखवले. त्याने ते वाचले, कागद घडी करून खिशात ठेवला, आणि नाव घातले. घरी दोन लहान मुले असलेल्या माणसाला मी त्यात काय बोलणार? मला राग आहे तो त्याचा नव्हे. ज्यांच्या हाती देण्याचे होते आणि ज्यांनी घेतले, त्यांचा.

नव्वदच्या दशकातली जनुकांची झोड मघाशी मी म्हटली. १९९० साली एसीई नावाच्या जनुकात एक तुकडा असणे किंवा नसणे असे दोन प्रकार सापडले. हा तोच प्रथिनाचा कारखाना, ज्याच्यावर कॅप्टोप्रिल काम करते. आणि कॅप्टोप्रिलचा उगम ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषात. सर्पगंधेनंतर पुन्हा सापच! १९९२ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला, की तुकडा नसणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका जास्त. मग काय विचारता! शंभर रुग्ण, शंभर निरोगी, रक्ताच्या दोन-दोन नळ्या, की झाला निबंध. कुठे संबंध सापडे, कुठे नसे. सापडला की छापला जाई, नाही सापडला की बहुधा टेबलाच्या खणात जाई. २००० साली ब्रिटनमध्ये साडेचार हजारांहून अधिक झटका आलेले रुग्ण तपासल्यावर तो सारा डोलारा जवळजवळ बसला. माझ्या हातातल्या त्या यादीत त्या काळातले असे पुष्कळ निबंध होते. ते खोटे नव्हते. लिहिणाऱ्याने मोजले तेच लिहिले. पण लहान मापाने मोठी गोष्ट मोजू पाहिली होती. अशा निबंधांचे काय करावे? मला वाटते, ते यादीत राहू द्यावेत. चुकीच्या वाटेवर पाटी लावून परतणाराही पुढच्याचे श्रम वाचवतो. दोष आहे तो खणात ठेवलेल्या कागदांचा.

आणि एक दोष याहून गडद. जपानमध्ये व्हॅलसार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या चाचण्या झाल्या. २००७ मध्ये 'लॅन्सेट'ला आणि २००९ मध्ये युरोपातल्या हृदयविज्ञानाच्या पत्रिकेला निबंध छापून आले, की आकडा इतर औषधांइतकाच उतरूनही हे औषध झटक्यांपासून जास्त वाचवते. २०१३ साली दोन्ही मागे घ्यावे लागले. औषध कंपनीचा एक कर्मचारी विद्यापीठाचे नाव लावून संख्याशास्त्राचे काम पाहत होता, हेही उघड झाले. २०१७ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने आकड्यांत फेरफार झाल्याचे मान्य केले, पण आरोपीला सोडले. कारण खटला खोट्या जाहिरातीच्या कायद्याखाली होता, आणि न्यायालय म्हणाले, शोधनिबंध म्हणजे जाहिरात नव्हे! कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण त्या निकालातले ते एक वाक्य मी कित्येक दिवस मनात घोळवत होतो. शोधनिबंध जाहिरात नव्हे, असे ज्याच्यावर सर्वांचा विश्वास असतो, त्याच्याइतकी चांगली जाहिरात दुसरी कोणती? १९९८ साली टोरंटोच्या काही संशोधकांनी कॅल्शियम रोधक औषधांविषयी लिहिणाऱ्यांची मते आणि त्यांचे कंपन्यांशी पैशाचे संबंध शेजारी शेजारी मांडले होते. औषधाची बाजू घेणाऱ्यांपैकी शंभरातल्या शहाण्णवांचे ती औषधे बनवणाऱ्यांशी संबंध होते, तटस्थांपैकी साठांचे, टीका करणाऱ्यांपैकी सदतीसांचे. यादीत हा रकाना नसतो.

यादीत आणखी एक रकाना नसतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पूर्वी संशोधकांना निबंधाचे रीप्रिंट मिळत आणि जगभरातून पोस्टकार्डे येत : आपला अमुक निबंध कृपया पाठवावा. आमच्या एका प्राध्यापकांची कार्डे मी बुटाच्या खोक्यात जपून ठेवलेली होती; पूर्व युरोप, ब्राझील, आफ्रिका, कुठकुठून. पोस्टाची तिकिटे मुलांना वाटून झाली, कार्डे राहिली. प्रत्येक कार्डामागे कोणीतरी एक माणूस, ज्याला हे वाचायचे होते. मला ही मोजणी खरी वाटे. पण कार्डे पाठवणारे सारे संशोधकच. ज्यांच्या दंडातून रक्त काढले त्यांचे कार्ड कधी आले नाही. त्यांना निबंध होतो हेच ठाऊक नसते. दहा लाख माणसांचा २०१८ चा तो अभ्यास. लेखकांची नावे मावत नाहीत एवढी, आणि तरी दहा लाखांपैकी एकाचे नाव नाही.

नाव नसणे योग्यच आहे, हेही मला कळते. रुग्णाचे नाव छापले तर ते श्रेय होत नाही, चव्हाटा होतो. म्हणजे पेच असा, की ज्यांचे ऋण सर्वांत मोठे, त्यांचे श्रेय नावाने फेडताच येत नाही. मग कशाने फेडायचे? माझ्या मते याला एकच उत्तर संभवते : त्यांच्या रक्तातून जे कळले ते त्यांच्यासारख्यांच्या घरापर्यंत गेले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे जगात तीस ते एकोणऐंशी वयाची सव्वाशे कोटींहून जास्त माणसे उच्च रक्तदाबाची आहेत, जवळजवळ निम्म्यांना ते माहीतच नाही, आणि आकडा ताब्यात आहे तो पाचांतल्या एकाचा. औषधे जुनी आहेत, स्वस्त आहेत, गुणकारी आहेत. नऊशे जनुकस्थाने कळली. पाचांतल्या चौघांच्या दंडाला पट्टा बांधून नियमाने गोळी कशी पोचवावी, हे अजून नीट कळायचे आहे, आणि ते काम करणाऱ्या परिचारिकेला, आशाताईला निबंध नसतो. संशोधकाने हेही करावे असे मी म्हणत नाही. एका माणसाचे ते काम नव्हे. पण आपली यादी मांडताना ती कोणाच्या खर्चाने झाली हे त्याला आठवत असावे, एवढी अपेक्षा मी ठेवतो. निबंधाच्या शेवटी बारीक टाइपात आभार असतात. मी निबंध हाती आला की प्रथम ते वाचत असे. त्यात रुग्णांचा, परिचारिकांचा उल्लेख असला की लेखकाविषयी माझे मत थोडे बरे होई. पुष्कळदा निधी देणाऱ्यापाशीच आभार संपत.

लिडल यांच्या निबंधाची गोष्ट मला नेहमी आठवते. १९६३ साली या अमेरिकन डॉक्टरांनी एका कुटुंबाचे वर्णन केले. त्यातल्या एका तरुणीचा रक्तदाब अफाट आणि रक्तातले पोटॅशियम तळाला गेलेले. नेहमीची औषधे चालली नाहीत, ट्रायमटेरीन चालले. आजाराला लिडल यांचे नाव पडले. ती तरुणी पुढे कित्येक वर्षे जगली, तिची मूत्रपिंडे निकामी झाली, १९८९ मध्ये दुसऱ्या कोणाचे तरी मूत्रपिंड तिला बसवले, आणि तिचा रक्तदाब सरळ झाला. दोष मूत्रपिंडातच होता, हे त्यावरून कळले. मग डॉक्टर पुन्हा त्याच कुटुंबाकडे गेले, नातेवाइकांचे रक्त घेतले, आणि १९९४ साली त्या घराण्यातले बिघडलेले जनुक हाती लागले. दोन-तीन उत्तम निबंध त्यातून झाले आणि ते कित्येकांच्या यादीत आहेत. ती बाई त्या निबंधांत आहे ती 'पहिली रुग्ण' म्हणून. तिला बसवलेले मूत्रपिंड मरण पावलेल्या एका माणसाचे होते.